नाजूक सुई आणि दत्तोबांचा पाय

पूर्वरंग झाला, बुक्का लागला, आता जरा सैल बसा मंडळी. मांडी मोडा, पाय पसरा, देवाला चालतं.

एक प्रश्न विचारतो. उत्तर घाईनं देऊ नका. घरात चांगली वस्तू आणली — तर त्या वस्तूनं माणसाला जपायचं, की माणसानं वस्तूला? सोपं वाटतं ना? मग सांगा, तुमच्या घरी सोफा आला त्याला किती दिवस झाले? आणि त्यावरचं प्लास्टिक? अजून आहे! का आहे? तर म्हणे सोफा खराब होतो. कशानं? बसल्यानं! हसू नका माई, तुमच्या शोकेसमधले कप मी पाहिलेत. ते पाहुण्यांसाठी ठेवलेत, आणि त्या कपांच्या लायकीचा पाहुणा अजून जन्माला यायचाय.

आणखी एक. मघाशी गजर चालला होता, तेव्हा मागं खांबाजवळ आबा टाळी वाजवत होते. टाळी मागं पडत होती, जरा जास्तच. पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी वळून बघितलं. आमच्या तबलजींनी भुवई वर केली. आबांनी हात खाली घेतले. मी पाहिलंय सगळं. पण ते राहू दे बाजूला, आधी गोष्ट ऐका.

फलटणच्या पेठेत मनोहरपंत सोहनी नावाचे गृहस्थ. घड्याळांचं दुकान. खाली दुकान, दुकानामागं स्वयंपाकघर, वर माडी. माडीला लाकडी फळ्यांची जमीन — हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे. डोळ्याला भिंग लावून आयुष्य गेलं, त्यामुळे स्वभावही भिंगाचा. बायकोनं, उमाकाकूंनी भाजी फोडणीला टाकली, की हे सांगणार, मोहरी दोन क्षण आधी पडली. काकू म्हणायच्या, बरं.

पंतांना नाद एकच, गाण्याच्या तबकड्यांचा. काळ्या, मोठ्या, कागदी पाकिटातल्या. आताच्या मुलांना सांगतो — बाळांनो, तेव्हा गाणं हातात धरता यायचं. पंतांच्या माडीवर दोन कपाटं भरून गाणी. प्रत्येक तबकडी उभी ठेवलेली, आडवी ठेवली तर वाकते म्हणून. आणि वाजवायला वडिलांच्या वेळचा रेकॉर्ड प्लेयर, पेटीतला, लाल झाकणाचा. त्याची सुई कसली, नांगराचा फाळ! एकदा तबकडीवर टेकली, की माडीवर लेझीम खेळा, हलायची नाही.

दर सोमवारी पेठ बंद. त्या संध्याकाळी माडीवर बैठक. बैठक म्हणजे माणसं दोन! एक पंत, दुसरे दत्तोबा हेंद्रे. दत्तोबा शिंपी, पंतांचे शाळेपासूनचे सोबती. एकमेकांना मन्या आणि दत्त्या म्हणणारे आता जगात हे दोघेच उरलेले. दत्तोबांची खासियत त्यांचा उजवा पाय. जन्मभर शिलाई मशीनची पायपट्टी मारलेला पाय तो. ठेका कानावर पडला, की पाय आपोआप चालू. तोंड गप्प, डोळे मिटलेले, आणि पाय फळ्यांवर — धप्, धप्, समेवर जरा जोरात. पाय कधी चुकला नाही. पंतांचं उलट. ऐकण्यात दर्दी, पण तालाच्या नावानं आनंद. लग्नाच्या वरातीत ते चालले, तर बँडवाले चुकायचे.

बैठक मोडायची ती नेहमी एकाच तबकडीनं. एका बाईंची भैरवी. तरुणपणी दोघांनी मिळून कोल्हापुराहून आणलेली. एसटीत ती आळीपाळीनं मांडीवर घेऊन बसले होते, तान्ह्या पोरासारखी. निम्मी मन्याची, निम्मी दत्त्याची. राहायला मन्याकडे, कारण यंत्र मन्याकडे.

आता बघा, प्रपंच कुठं वळण घेतो. एक दिवस पंतांनी भैरवीची तबकडी सहज भिंगाखाली धरली. आणि चरकले. रेघांच्या कडा झिजलेल्या! जड सुई गाणं वाजवता वाजवता गाणं खात होती. खरं आहे हे मंडळी, पंतांची काळजी खोटी नव्हती. चांगली सुई लागणारच होती. मी यंत्राच्या विरुद्ध नाही. माझ्यापुढं माईक आहे, दिसतोय ना?

पंत पुण्याला गेले. दुकानदारानं टर्नटेबल, म्हणजे तबकड्या वाजवायची नवी यंत्रं, दाखवायला सुरुवात केली, आणि पंत स्थळं बघितल्यासारखे बघायला लागले. हे पट्ट्यावर फिरणारं, चाल शांत. हे मोटरवर थेट फिरणारं, जोर चांगला. याचा सुई धरणारा हात सरळ, त्याचा वाकडा. पंतांनी एकेकाला भिंगातून पाहिलं आणि घरी येऊन विचार करायला लागले. पुन्हा गेले. पुन्हा विचार. काकू म्हणाल्या, आमच्या वेळी तुम्ही एकदाच आला होतात बघायला!

शेवटी पट्ट्याचं आलं. चकती घडवलेली, हात पिसासारखा, आणि सुईचा भार दोन ग्रॅमसुद्धा नाही. पंतांनी ते माडीवर मांडलं, पाणसळ ठेवून चारी बाजूंनी समपातळीत आणलं. पण नाद असा थांबतो का? पुढच्या खेपेला सुई आणखी बारीक. मग खाली घालायला वेगळी चटई. मग नवी वायर. देवघरातली समई महिनाभर मिणमिणत होती, तिची वात बदलायला पंतांना सवड नव्हती.

सगळं जुळवून झाल्यावरचा पहिला सोमवार आला. दत्तोबा धुतलेले पाय पुसून वर आले, यंत्राला नमस्कार केला, आपल्या पाटावर बसले. गाणं लागलं. काय आवाज! तंबोऱ्याची तार न् तार वेगळी. दत्तोबांनी डोळे मिटले. आणि पाय?

धप्.

सुई टुण्णकन उडाली, दोन आवर्तनं पुढं जाऊन पडली. लाकडी फळ्या मंडळी! पाय इथं पडला की यंत्र तिथं डोलतं. पंतांनी यंत्राचा हात उचलला आणि हळूच सांगितलं, दत्त्या, पाय आवर. दत्तोबा ओशाळले. पण पाय काय त्यांच्या ताब्यातला होता? पुन्हा उडाली. दुसऱ्या सोमवारी पंतांनी पायाखाली उशी दिली. उडाली. तिसऱ्या सोमवारी सतरंजीची घडी. तरी उडाली, तीही ऐन भैरवीत. आणि पंतांच्या तोंडून शब्द गेला.

"दत्त्या, तू जिन्यात बसून ऐकत जा. आवाज तिथंही येतो."

काय वाईट बोलले हो? शिवी नाही, राग नाही. सोय सांगितली! घरोघरी अशाच सोयी सांगतो आपण.

दत्तोबा उठले. जिन्यात बसले. भैरवीची एक बाजू तिथं ऐकली. पंतांनी तबकडी उलटली, सुई ठेवली, आणि खाली चप्पल सरकल्याचा आवाज झाला.

पुढच्या सोमवारी दत्तोबा आले नाहीत. निरोप आला, लग्नसराईची शिलाई आहे. मंडळी, महिना भाद्रपद. पितृपक्ष चालू. कुणाचं लग्न होतं हो?

पंत एकटेच बसले. आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा बरं वाटलं त्यांना. बाईंनी तानेआधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. पंत हरखले. "बघितलंस?" म्हणून शेजारी वळले. शेजारी पाट.

ही ओवी माझीच आहे, कुणा संताच्या नावावर खपवत नाही —

*साधन सजले । सोबती रुसला ।*
*रिकामा उरला । पाट एक ॥*

भैरवी संपवून पंत खाली आले. बघतात तर चूल थंड. इतक्या वर्षांत भैरवीनंतर चहा नाही, असं झालं नव्हतं. पंतांनी विचारलं, चहा का नाही? काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

"भैरवी झाली कधी? मला कळलंच नाही. दत्तूभावजींचा पाय डोक्यावर वाजायला लागला, की मी आधण ठेवते. भैरवीतला त्यांचा पाय वेगळा पडतो."

तंबोऱ्याची तार न् तार ऐकणारा माणूस! आणि भैरवीतला पाय वेगळा पडतो, हे पंतांना आज कळत होतं.

दुसऱ्या दिवशी ते दत्तोबांच्या दुकानात गेले. दत्तोबा शिवत होते. मुलानं मशीनला मोटर बसवली होती, बटण दाबलं की शिलाई सुरू. पण खाली पंतांनी पाहिलं — पाय हलत होता. पट्टी नाही, काही नाही, नुसता फरशीवर.

पंतांना माफी मागायची होती. पण पुरुषमाणसं ना आपण! ते म्हणाले, माझ्या कोटाचं बटण सैल झालंय. दत्तोबांनी बटण लावून दिलं, दोरा दातानं तोडला आणि म्हणाले,

"मोटर चांगली आहे मन्या. काम झपाझप होतं. पाय तेवढा रिकामा झाला. सोमवारचं एक काम होतं त्याला."

पंतांनी एवढंच सांगितलं, सोमवारी ये, पाटावर बसायचं. दत्तोबा म्हणाले, तुझी सुई उडेल. पंत म्हणाले, ये तर खरा.

सोमवारी दत्तोबा आले. बसले कसे? सत्यनारायणाला बसलेल्या नवऱ्या मुलासारखे! मांडी घट्ट, पाठ ताठ, श्वाससुद्धा बेतानं. गाणी झाली, सुई हलली नाही. शेवटी भैरवी लागली. एकही खरखर नाही. इतकी सुंदर भैरवी त्या माडीवर कधी वाजली नव्हती.

पंतांनी शेजारी बघितलं. दत्तोबांचे डोळे मिटलेले. आणि उजव्या पायाचा अंगठा — त्यांनी आपल्याच हातानं मुठीत आवळून धरला होता. बोटं पांढरी पडली होती. पाय निघू बघत होता, आणि हा माणूस मित्राच्या यंत्रासाठी स्वतःच्या पायाला बांधून बसला होता.

मंडळी, मग पंतांनी काय करावं? ज्यांना उभ्या जन्मात ठेका सापडला नाही, त्या मनोहरपंत सोहनींनी आपला पाय उचलला, आणि फळीवर दिला ठेवून —

धाड्!

सुई उडाली, खर्रर्र करत तबकडीवरून घसरली. दोघांची तबकडी ती, जी तान्ह्या पोरासारखी आणली होती! दत्तोबांनी डोळे उघडले. तबकडीकडे बघितलं, पंतांच्या पायाकडे बघितलं. आणि म्हणाले,

"अरे मन्या, मारायची होती तर समेवर तरी मारायचीस!"

आणि हसले. पंतही हसले, डोळे पुसत हसले. मग दत्तोबांनी सम कुठं होती ते दाखवलं. कशी? मुठीतला अंगठा सोडला आणि पायानं! धप्. पंतांनी करून बघितलं, चुकलं. पुन्हा धप्. पुन्हा चुकलं. यंत्र बापडं बंद, आणि वर दोन म्हातारे पाय आपटतायत. खाली काकूंनी वर बघितलं, आणि आधण ठेवलं.

चहा देताना काकूंनी विचारलं, ते यंत्र भिंतीला का लावत नाही? फळ्या हलतात, भिंत कशी हलेल? दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलावून दगडी भिंतीत कडप्प्याची फळी बसवली, टर्नटेबल त्यावर. बारीक सुई, पिसासारखा हात, सगळं तसंच. आता दत्तोबांनी कितीही पाय मारला तरी हलत नाही. म्हणजे उपाय होता मंडळी! पहिल्या दिवसापासून होता. पण पंत यंत्र हलवायच्या आधी माणूस हलवून मोकळे झाले होते.

भैरवीवर मात्र ओरखडा राहिला. त्या जागी अजून "टक्" असं वाजतं. पंतांना नवी प्रत मिळत होती, घेतली नाही. ती जागा जवळ आली की दोघे हसायला लागतात. टक् वाजतं, आणि दत्तोबा सांगतात, बघ, अजूनही समेच्या आधीच आहेस.

झाली गोष्ट. आता तुमच्याकडे वळतो. सुई नाजूक असू द्या, स्वभाव नको. नवी फरशी घाला, पण वडिलांच्या काठीचा आवाज बोचू देऊ नका. मोठा टीव्ही आणा, पण मध्येच "हा कोण गं?" विचारणाऱ्या आजीला आतल्या खोलीत पाठवू नका. घरी गेलात की आधी जिन्यात बघा. तुम्ही सोय म्हणून कुणाला तरी तिथं बसवलंय. त्याला वर बोलवा. त्यानं चप्पल घालायच्या आत बोलवा.

आणि आपणही घरापर्यंत कशाला थांबायचं? आबा! खांबाजवळचे आबा! लाजू नका, या पुढं. पुढच्या रांगेतल्यांनो, सरका, जागा द्या. असे बसा, माझ्यासमोर. आता टाळी वाजवा, मघासारखीच. नामाचा गजर करू या.

तबलजी, ऐकताय ना? आज सम आबा देतील तिथं.