उत्तर आल्याबिगर दार सोडायचं नाही

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, राहुरीकडचं, आन् चर्चच्या मागं सगळी आमचीच घरं. माझं नाव करुणा. हितं पंजाबात, मोहालीला, आमचे मिस्टर विमानतळावर माल चढवा-उतरवायच्या कामाला हायेत, आन् मी सेक्टर सदुसष्टला होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटते, हितं त्याला रोटी म्हणत्यात, म्हणू द्या, लाटणारीचा हात तोच.

काय सांगू तुम्हाला, गावाला ईस्टर म्हणजे झोपच नाही. पहाटं प्रभातफेरी निघायची, माझे वडील म्होरं ढोलकी घेऊन, मागं आम्ही पोरं थाळ्या बडवीत, दारोदार जायाचं आन् वरडायचं, प्रभू उठला! आतून उत्तर यायचं, खरोखर उठला! आन् वडलांचा नेम असा, का उत्तर आल्याबिगर दार सोडायचं नाही. एकदा एका म्हाताऱ्यानं मुद्दाम चिडवायला तोंड उघडलं नाही, तर वडील दारातच मांडी घालून बसले, शेवटाला म्हातारीच आतून वरडली, अहो उठला म्हणा, चहा निवतोय.

हे सगळं मी पोरांना रंगवून सांगत बसायची, तेच अंगाशी आलं. कारण हितं आम्ही कुणाला काही सांगितलंच नव्हतं. आधी एका ठिकाणी खोली ठरली व्हती, सामान टेंपोत भरून नेलं, आन् माझ्या गळ्यातला क्रूस दिसला तशी ती खोली एकाएकी मालकाच्या भाच्याला लागायला लागली. तव्हापासून मिस्टर म्हणले, क्रूस डब्यात ठेव, आडनाव भोसले हाये, कोण विचारतंय. आता राहतो ती गच्चीवरची खोली, खाली बीजी राहत्यात, घरमालकीण, एकट्याच, मुलगा कॅनडात. बोलायला लई कडक. आन् आमचा करार ह्याच महिन्यात संपायचा. पोरांना दम देऊन ठेवलता, बाहेर कुणाला बोलायचं नाही.

यंदा गावाला जाणं जमलं नाही. ईस्टरला मिस्टर पहाटंच्या पाळीला गेले, म्हणलं आंघोळ उरकून पोरांना उठवू, गुपचूप चर्चला जाऊन येऊ. बाहेर येते तर दार सताड उघडं, पोरं नाहीत. गच्चीचा कठडा बुटका, मी आधी तिकडंच पळाले, वाकून पाहायची हिंमत होईना, तरी पाहिलं. काही नाही. मग मांडणीकडं नजर गेली, थाळी नव्हती. आन् तेवढ्यात खालून बीजींची घंटी वाजायला लागली, वाजती ती थांबेचना, कशी थांबल, उत्तर कुठं आलतं!

मी तशीच, ओले केस, अनवाणी, जिना उतरले. माझी रिबिका, दुसरीत हाये, ती घंटीवर बोट दाबून, आन् धाकटा योना उलथन्यानं थाळी बडवतोय. मी शेवटच्या पायरीवर आन् दार उघडलं. बीजींची ओढणी एका खांद्यावरून लोंबत व्हती, तोंड पांढरंफटक. म्हणल्या, की होया? कौन मर गया? इतक्या पहाटं घंटी म्हणजे त्या बाईला कॅनडाचंच वाटणार ना, पोटचं पोरगं तिकडं.

तर योना म्हणतो, मरा नहीं आंटी, उठ गया.

बीजी दाराला धरून तशाच खाली बसल्या. मग माझ्याकडं पाह्यलं, कौन उठ गया? आता माझ्या जिभेवर तयार व्हतं बघा, बच्चे हैं बीजी, खेल रहे हैं. पण रिबिका माझ्या तोंडाकडं बघत व्हती. तिच्यादेखत मला ते बोलवंना. म्हणलं, हमारे प्रभु, बीजी. हम ईसाई हैं, आज हमारा ईस्टर है. बीजी चौकटीला धरून उठल्या, दार लावून घेतलं. रिबिका जागची हलंना, आई, उत्तर नहीं दिया. मी दंडाला धरून वर आणली.

मिस्टर तापले, म्हणले बांध बोचकं. त्यानंतर रोज खाली जाताना बीजी दिसल्या का मी मान खाली घालायची. आन् ही पोरगी, मला तिचंच भ्याव जास्त, बीजी दिसल्या का जाऊन म्होरं उभी राहायची, नुसती, उत्तराची वाट बघत.

काल संध्याकाळी बीजी वर आल्या. गुडघे दुखत्यात म्हणून त्या कधी जिना चढत नाहीत. म्हणलं संपलं, खोली गेली. पिठाचा हात तसाच, मी दारात. त्या धापा टाकीत पायरीवर टेकल्या आन् रिबिकाला म्हणल्या, ओए, मैनूं की कहना सी? काय म्हणायचं व्हतं ते पोरीनं शिकवलं. बीजी हात जोडून म्हणल्या, खरोकर उठला. मग माझ्याकडं वळून, अगली बार पहले बता देना, मैं तो मर ही चली थी.

अगली बार म्हणल्या. कराराचं मी विचारलं नाही, त्यांनीबी काढलं नाही. त्या गेल्यावर मी हात धुतले आन् डब्यातला क्रूस काढून गळ्यात घातला, हा बघा.

देवानं बीजींच्या लेकराला तिकडं सुखी ठेवावं. आन् ईस्टर होऊन गेला तरी तुम्हालाबी म्हणते, प्रभू उठला. नुसतं हसू नका. रिबिका दारात उभी हाये, ती तुम्हाला जाऊ द्यायची नाही.