सोललेला सेल

सृष्टी : कागद म्हणजे कुठला कागद, अव्वा?

नीलाबाई : त्या सेलवरचा गं. निळा होता. वरच्या तोंडाशी फाटून लोंबत होता. नखानं धरला तर सगळाच सुटून आला, केळाची साल निघावी तसा. आत पांढरंशुभ्र निघालं, स्टीलच्या डबीसारखं. जरा राख लावून घासलं, कोरड्या फडक्यानं पुसलं. सकाळी त्यांच्या हातात दिला तेव्हा असा लखलखत होता की तेसुद्धा बघत राहिले.

सृष्टी : अप्पांकडे सेलवर चालणारं काय आहे? ते तर अंधारातही मोबाईलचाच उजेड पाडतात.

नीलाबाई : वाफेचं मशीन नाही का तुझ्या वडिलांचं. तू लातूरला असतेस, तुला कुठून दिसणार. तंबाखूची तल्लफ आली की ती नळी तोंडाला लावून ओढायची, वाफ निघते. अननसाचा वास येतो घरभर. चांगलं आहे हो. खोकला कमी आहे त्यांचा.

सृष्टी : कुणी दिलं ते?

नीलाबाई : उदगीरच्या डॉक्टरांनी. मी विचारलं होतं एकदा. म्हणाले, दवाखान्यातलंच आहे, पण चारचौघांत बोलू नकोस, लोक म्हणतील शिवमूर्तीला दम लागला. मग मी नाही विचारलं पुन्हा.

सृष्टी : नळी कशी आहे? आकडे दिसतात का कुठे? काचेची पट्टी आहे का?

नीलाबाई : आकडे कसले. पितळेची नुसती नळी आहे, आपल्या समईच्या दांड्याएवढी जाड. खाली एक बटण. सेल आत सरकवायचा, वर टोपण फिरवायचं. तू अशी का उभी राहिलीस? बस ना.

सृष्टी : तो सोललेला सेल आत्ता कुठे आहे?

नीलाबाई : त्यांच्याजवळ. एक मशीनमध्ये असतो, तो बॅगेत गेला. हा जास्तीचा. शर्टाच्या खिशात टाकला त्यांनी.

सृष्टी : दुकानाच्या किल्ल्या असतात त्या खिशात?

नीलाबाई : त्याच. दुसरा खिसा कुठाय त्या शर्टाला.

सृष्टी : फोन दे.

नीलाबाई : आता कशाला? गाडीत असतील. नांदेडला आत्याच्या घरी पोचले की करतीलच.

सृष्टी : अव्वा, फोन दे आधी.

(रिंग पूर्ण वाजून थांबते. सृष्टी पुन्हा लावते. पुन्हा तेच.)

नीलाबाई : अहमदपूरची गाडी खचाखच भरते, त्यात ऐकू येत नाही त्यांना. काय झालंय ते मला सांगशील का?

सृष्टी : आमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विजेवरच्या स्कूटरची बॅटरी उघडली की आत असलेच सेल असतात, रांगेनं लावलेले. त्यातल्या एकाचा जरी कागद फाटला तरी आम्ही तो बाजूला काढतो. हात लावायचा तर अंगठी आणि घड्याळ उतरवून. तो कागद शोभेचा नसतो गं. सेलचं वरचं बटण म्हणजे अधिक टोक. आणि बाकी सगळं अंग, अगदी त्या बटणाच्या कडेपर्यंत, उणे टोक. दोन्हींच्या मध्ये फक्त तो कागद असतो. किल्ली आडवी लागली की दोन्ही टोकं जोडली जातात. मग सेल आतून तापत जातो. फुटतो.

नीलाबाई : फुटतो म्हणजे?

सृष्टी : म्हणजे फुटतो, अव्वा. आग ओकतो. आणि त्या पितळेच्या नळीला आकड्यांची पट्टी नाही, म्हणजे आपोआप बंद करणारंही आत काही नाही. सेल तिच्यात घातला असता, तर बटण दाबायचीही गरज नाही. उघडं अंग नळीला टेकलं की आपोआप चालू. आत कोंडलेलं, आणि ते तोंडाला लावायचं.

नीलाबाई : मी देवाची उपकरणी घासायला बसले होते गं. तांब्या, ताम्हण, विभूतीची डबी. त्यांनी तंबाखू सोडली त्या दिवसापासून माझा नेम आहे, ही भांडी स्वतः घासल्याशिवाय आणि बेल वाहिल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. त्यांचा सेल तिथंच चार्जिंगच्या डबीत होता. म्हटलं, ज्यानं यांची तंबाखू सोडवली तेही देवाचंच की. म्हणून त्याच परातीत घेतला.

सृष्टी : तंबाखू सुटली नाही, अव्वा.

नीलाबाई : असं बोलू नकोस. मठात स्वामींच्या समोर, गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून सोडली त्यांनी. मी शेजारी उभी होते.

सृष्टी : ते डॉक्टरांचं मशीन नाही. असल्या मशीनला आपल्याकडे बंदी आहे, कुठलाच डॉक्टर देणार नाही. कुणीतरी चोरून आणून दिलंय. त्यातलं पाणी अननसाचं नसतं, त्यात तंबाखूचाच अर्क असतो.

नीलाबाई : लाव. पुन्हा लाव फोन.

सृष्टी : लागला. स्पीकरवर टाकते. अप्पा, कुठे आहात?

शिवमूर्ती : लोह्याला. गाडी चहाला थांबली हाय. काय गं, इतके फोन करून राहिलीस? उतरायला लई गर्दी, पँटीच्या खिशात हात घालता येईना.

सृष्टी : तुमच्या हातात आता काय आहे?

शिवमूर्ती : चहा. काय म्हणजे काय?

सृष्टी : मशीन कुठाय?

शिवमूर्ती : कसलं मशीन?

नीलाबाई : अहो, तिला माहीत आहे. मला पण माहीत आहे. ते राहू द्या आता. खिशातला सेल कुठे आहे ते सांगा.

शिवमूर्ती : खिशातच हाय की. आता टाकणारच होतो, पहिला उतरला म्हणून. चहा झाला की मशीन काढून मुतारीच्या मागं जाऊन... काय झालं, तुमचा आवाज असा का येऊन राहिला?

सृष्टी : अप्पा, खिसा गरम लागतोय का?

शिवमूर्ती : हाव, लागतोय थोडा. मला वाटलं ऊन. खिडकीशी बसलो होतो.

सृष्टी : चहा खाली ठेवा. शर्ट काढा.

शिवमूर्ती : इथं? बसस्टँडवर? येडी का खुळी तू. बायाबापड्या हायत.

नीलाबाई : अहो, काढा. माझी शपथ आहे तुम्हाला. खिशात हात घालू नका, शर्टच काढा.

सृष्टी : आणि जिथे माणसं नाहीत तिथे मोकळ्या जमिनीवर टाका. लांब टाका. टाकून मागे या, बघत उभे राहू नका.

शिवमूर्ती : थांबा. बटनं... हा धर रे दादा फोन जरा.

नीलाबाई : कुणाला दिला फोन? अहो. ऐकू येतंय का?

सृष्टी : शांत, अव्वा. काढताहेत.

नीलाबाई : शिव शिव शिव.

सृष्टी : तो आवाज ऐकलास?

नीलाबाई : कुकरसारखा. कशाचा आहे? सृष्टी, तो कशाचा आवाज आहे?

सृष्टी : अप्पा? अप्पा, बोला. कुणीतरी बोला तिकडून.

शिवमूर्ती : हाय. मी हाय.

नीलाबाई : लागलं का?

शिवमूर्ती : न्हाई. तळहाताला जरा चटका बसला. शर्ट... शर्ट जळून राहिला गं. वडाच्या बाजूला फेकला अन् माघारी वळलो, तर पाठीमागं सुर्रर्र करून आवाज. मग फाडकन फुटला. जाळ निघाला निळा, हातभर. लोकं पळाली. एका म्हातारीनं मला ओढून घेतलं मागं.

नीलाबाई : छातीला? लिंगाला काही?

शिवमूर्ती : न्हाई. गळ्यात हाय. खिसा त्याच्याच शेजारी होता.

सृष्टी : धुरात जाऊ नका. तो धूर विषारी असतो. कुणालाही जवळ जाऊ देऊ नका, विझला वाटला तरी. हातावर गार पाणी सोडत रहा, नळाखाली धरा. बर्फ नको, तेल नको.

शिवमूर्ती : नळावरच हाय. कुणीतरी टॉवेल दिला पांघरायला. बेटा, तुम्हाला कसं कळलं तिकडं बसून? माझा मला पत्ता न्हाई.

सृष्टी : त्याच्यावरचा कागद काढला होता. कळलं तुम्हाला सकाळी?

शिवमूर्ती : कागद? मला वाटलं दुकानाचा माल आणणाऱ्या व्यंकटनं नवा सेल धाडला. त्यानंच आणून दिलं होतं हैदराबादेहून, मालाच्या पोत्यात लपवून. म्हणला, काका, याच्यात तंबाखू न्हाई, नुसती वाफ. तुमची शपथ पण मोडत न्हाई. कागद कुणी काढला?

नीलाबाई : मी.

शिवमूर्ती : तू?

नीलाबाई : फाटला होता. देवाच्या भांड्यांत घेतला आणि सोलला. औषधाचं म्हणून.

शिवमूर्ती : तुझ्या हातानं झालं असतं, अन् तुला जन्मभर कळलं नसतं कशानं झालं.

नीलाबाई : खरं सांगितलं असतंत तर मी हातही लावला नसता. रागावले असते. चार दिवस बोलले नसते. पण हात लावला नसता.

शिवमूर्ती : मठातून आलो त्याच आठवड्यात तल्लफ सहन होईना. तू रोज ती भांडी घासत बसायचीस माझ्यासाठी, उपाशी. तुझ्याकडे बघून सांगायची हिंमत झाली न्हाई. वाफच हाय म्हणत गेलो. स्वतःलाच म्हणत गेलो.

सृष्टी : अप्पा, ते नंतर बोला. मशीन कुठे आहे? दुसरा सेल?

शिवमूर्ती : बॅगेत. बॅग गाडीत, वरच्या फळीवर.

सृष्टी : त्या नळीच्या बटणाला कुलूप आहे का? दाबलं जाऊ नये असं काही?

शिवमूर्ती : कुलूप कसलं. दाबलं की चालू.

सृष्टी : मग त्यावर कुणाची गाठोडी, पेट्या आल्या तर बटण दाबलेलंच राहील. उतरला म्हणता, पण थोडा जोर राहतोच त्यात. आतल्या आत तापेल. गाडीत सगळी माणसं आहेत.

शिवमूर्ती : गाडीचा हॉर्न वाजला. कंडक्टर हाका मारून राहिले. मघाशी त्यांनी विचारलं काय फुटलं, मी म्हणलो मोबाईलची बॅटरी. ते म्हणले, मग ठीक हाय, चला बसा.

नीलाबाई : मोबाईल तर तुमच्या हातात आहे.

शिवमूर्ती : हाव. कुणाच्या ध्यानात न्हाई आलं.

सृष्टी : सेल बाहेर काढा, टोकांवर चिकटपट्टी लावा, नाहीतर प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा. किल्ल्या, नाणी काही शेजारी नको. पण आधी बॅग खाली आली पाहिजे.

शिवमूर्ती : बॅग मागितली तर विचारतील काय हाय त्यात. बंदीचं हाय ते. अहमदपूरची अर्धी गाडी वळखीची. किशनराव बसलेत पुढच्या सीटवर, मठाच्या कमिटीतले.

नीलाबाई : असू द्या.

शिवमूर्ती : त्यांच्या समोरच शपथ घेतली होती गं.

नीलाबाई : माझ्याही समोर घेतली होती. मला कळलं, आणि मी अजून फोनवर आहे.

शिवमूर्ती : टॉवेल गुंडाळून उभा हाय मी. असा जाऊ त्यांच्यापुढं?

नीलाबाई : असेच जा.

शिवमूर्ती : गाडी हलली. ओ कंडक्टरसाहेब. थांबवा. मोबाईल नव्हता तो. वरच्या फळीवर माझी काळी बॅग हाय, ती अलगद खाली घ्या. काय हाय ते सांगतो, किशनरावांनाही खाली बोलवा.