तळ्याकाठची वीस मिनिटं

माणसाला लाज नसली की अख्खा बाकही पुरत नाही. तळ्याच्या फाटकाशी बसथांब्यावर एक पाट्या रंगवणारा बाकावर रंगाचे डबे मांडून बसला होता आणि मी गुडघा धरून उभी. पलीकडे त्याची बहीण.

"दादा, पाटीवर काय बदललंस आज?"

"वेळ. 'तळ्याभोवती सोपी वाट, वीस मिनिटं' होतं, चाळीस केलं."

"वाट आपोआप लांबली वाटतं."

"तेव्हा मी एकटाच घड्याळ लावून चाललो होतो. आणि माझं चालणं म्हणजे मागे कुत्रं लागल्यासारखं."

"आणि आई?"

"आईचं काय?"

"लेकाची पाटी म्हणून मिरवत गेली होती. चाळीस मिनिटं लागली, तर घरी येऊन म्हणाली, माझे पाय संपले. दोन वर्षं झाली, उंबरा ओलांडलेला नाही तिनं."

"माहितेय."

"तिला सांगितलंस, पाटीच चुकली होती म्हणून?"

"कसं सांगू? माझ्या लेकाचं काम चुकत नाही, असं गल्लीभर सांगते ती."

"म्हणजे तुझं नाव राहू दे, तिचे पाय जाऊ देत."

"हळू बोल, लोक ऐकतात."

ऐकत होतेच. मी त्याचे डबे उचलून खाली ठेवले, बाकावर टेकले आणि त्याला म्हटलं,

"लेकरा, पाटी दुरुस्त केलीस ती आम्हा परक्यांसाठी. आता घरी जा आणि आईला सांग, पाय तुझे धड होते, घड्याळ माझं चुकलं. ते पाय आता परत मिळतील का, हे मात्र मला विचारू नकोस."