लॉगिन केल्यावर वाजणारी माफी

तैवानमधल्या ताइनान शहरात सकाळी बीफ सूपच्या रांगेत माझ्यापुढे आमच्या गल्लीतली औषधांची दुकानदार यी-चेन आणि तिचा नवरा पो-हान उभे होते.

“दुकानातल्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरमध्ये काय घालून ठेवलंयस?”

“माफी. तू बोलतच नव्हतीस. लॉगिन केलंस की माझा आवाज आपोआप सुरू होतो.”

“‘यी-चेन, तुझ्या आईला स्टेशनवर विसरलो, मी गाढव आहे.’ रोज सकाळी हेच ऐकतेय.”

“मनापासून रेकॉर्ड केलंय.”

“आई अंधार पडेपर्यंत बाकावर बसली होती, पो-हान.”

“म्हणून तर गाढव म्हटलं. राग गेला का?”

“काल मी सेटिंग उघडलं. लॉगिनबरोबर काय काय सुरू होतं ते पाहिलं. त्यात तुझी माफी सापडली.”

“पुसलीस?”

“छे. पण ती वाजते तेव्हा दुकानात मी एकटीच असते. आता लॉगिननंतर अर्ध्या तासाने वाजेल असं केलंय.”

“तोवर दुकान भरलेलं असतं.”

“हो ना. गल्लीतल्या कुओ काकू शेजारणींना घेऊन येणार आहेत. आईलाही बोलावलंय, पुढच्या खुर्चीत.”

“एकदा ऐकवून झालं की पुसशील ना?”

“ते आई ठरवेल.”