वाकडी शिवण

शेवटच्या नेहमीसारख्या दिवशी माझ्या आईनं अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या. त्याला महिना झाला होता. भंडाऱ्याच्या बसस्टँडवर माझ्या शेजारी एक बाई गिऱ्हाईकाला खेळण्यातला योद्धा दाखवत होती.

“कंपनीचाच आहे, राजकुमारभाऊ. पाठीवरचं कापड तेवढं काढून तुमच्या आईच्या लुगड्याचं लावलं.”

“पण डिंपलताई, शिवण लय सरळ झाली. लहानपणीच्या माझ्या योद्ध्याले आईनं लावलेलं वाकडं होतं. मले तसंच पायजे.”

“मंग मी कायले शिवू? आई आहे ना?”

“आहे, शहापूरले. पण तिले आता बरोबर दिसत नाही.”

“मंग ते अजूनच वाकडं शिवन! सुई तुम्ही ओवून द्या.”

तो खळखळून हसला. “हे बेस आहे. रविवारी जातो.”

“आजच जा, भाऊ,” मी म्हणाले, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच ते तोंडातून निघालं, “माझी आई गेली.”