भूक लागायचं औषध

तुम्हाला सांगतो, बायको गेल्यावर महिनाभर मला झोप नव्हती. झोप उडाली की भूक वाढते, हे तेव्हा कळलं. चिवडा, शेंगदाणे, शेजाऱ्यांनी दिलेली भाकरी, हाताला लागेल ते मी खात होतो. फोनवर मात्र सगळ्यांना “घास उतरत नाही” असंच सांगायचो. अशा वेळी तसंच सांगायचं असतं.

अहमदपूरच्या धाकट्या बहिणीला ते खरं वाटलं. ती लोह्याला आली आणि मला थेट दवाखान्यात घेऊन गेली.

“डॉक्टर, दादा कायबी खाईना झालाय. भूक लागायचं औषध द्या.”

डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं. मागच्या खेपेपेक्षा पाच किलो जास्त भरलो.

“झोप नाही म्हणून खाणं वाढलंय,” ते म्हणाले. “औषध झोपेचं देतो.”

बहीण बसस्टँडकडे झपाझप पुढे निघाली. आता ही भावकीत सांगणार, या विचाराने मी खाली मान घालून चालत होतो. स्टँडसमोरच्या हॉटेलात तिने भज्याच्या दोन प्लेटी मागवल्या.

“मला नको गं,” मी म्हणालो.

“तुला कोण देतंय?” तिने दोन्ही प्लेटी आपल्याकडं ओढल्या. “वहिनी गेल्यापासून मलाबी झोप न्हाई.”