आत्याबाईंची राळ

‘सुनेला बसवा त्याच्यापाशी. तोंडात जीभ नाही तिच्या, काही बोलायची नाही’ — ऐकलंत ना तुम्हीसुद्धा? नाही कसं, आमच्या आत्याबाई कुजबुजल्या तरी पलीकडच्या काठावरची बदकं उडतात. सासूबाई हो माझ्या, आंजेनिक. मला ऐकू जाऊ नये म्हणून मुद्दाम बहिणीला, आमच्या मावशींना, तंबूमागे नेऊन सांगितलं — तंबू कापडाचा आहे, हे विसरल्या बिचाऱ्या. बसा पाझीलभाऊ, उभे का? सासरे आणि आमचे हे जाळी काढून येतील, बायका बेरी तोडून येतील, मग नाव तुमची. तोवर हे सुकं मांस घ्या. मूसचं आहे, हातभर शिंगांचं हरीण होतं. माझा नवरा म्हणतो, त्यानं मारला. सासरे म्हणतात, त्यांनी. मूस काही बोलत नाही — माझ्यासारखाच.

नाव बघताय? बघा की, खुशाल हात फिरवून बघा. भूर्जाची साल एकाच झाडाची, कुठे गाठ नाही, डोळा नाही — सासरे चार दिवस रान तुडवत होते त्या झाडासाठी. फासळ्या सीडरच्या लाकडाच्या, त्या पियेननं वाकवल्या. पियेन म्हणजे आमचे हे. शिवण मात्र बायकांची, स्प्रूसच्या मुळ्या चिरून, भिजवून. डावी बाजू माझी. ओळखू येते? अहो, यायलाच हवी, तीनदा उसवायला लावली आत्याबाईंनी. ‘बेरीच्या टोपलीला चालेल हो’, असं म्हणाल्या. लग्नाला चार महिने झाले, एवढं कौतुक पहिल्यांदाच केलं.

आणि सांध्यांवरची राळ? ती आत्याबाईंची. तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. सगळ्या तळ्याकाठी त्यांच्या राळेचं नाव आहे — होतं — आहे म्हणा. म्हणजे राळ वितळवायची, गाळायची, कोळशाची पूड घालायची, आणि चरबी. सगळी गंमत त्या चरबीत. जास्त झाली तर उन्हात राळ ओघळते, कमी झाली तर गारठ्यात तडकते. म्हणून सालीची पट्टी राळेत बुडवायची, मग गार पाण्यात धरायची आणि वाकवायची. माझी आई पाच-पाच वेळा करायची. आत्याबाई? त्यांना कशाला पट्टी, त्या वासावर ओळखतात. काल त्यांनी पट्टी घेतली ती मी तिथे बसले होते म्हणून, सुनेला शिकवायला. बुडवली, पाण्यात धरली, वाकवली — कट्‌कन आवाज! मी बघितलं, मावशींनी बघितलं, कुत्र्यानंसुद्धा मान वर केली. तर आत्याबाई काय म्हणाल्या असतील? ‘आज तळ्याचं पाणी फारच गार आहे.’ घ्या! म्हणजे नाव काय ऊन पाण्यात चालवायचीय? आणि लावली तीच राळ, शेंड्यापासून बुडापर्यंत.

मी? मी काय म्हणणार. मी माझ्या पायांकडे बघितलं. मागच्या महिन्यात सासऱ्यांची नाव ऐन तळ्यात गळायला लागली, तेव्हा माहीत आहे काय ठरलं? की सुनेच्या तळव्याला खडे होते, तिनं चढताना साल दुखावली. खडे! मी पायातले मोकॅसिन काढून झटकून, पाय धुऊन चढले होते. सासऱ्यांनी मान हलवली, मावशींनी मान हलवली, आणि आमचे हे — यांना त्याच वेळी आकाशात एक पाणकावळा दिसला. फार आवड आहे यांना पक्ष्यांची, मला कुणी बोलायला लागलं की विशेष. गळत कुठून होतं? सांध्यातून. राळ कुणाची? जाऊ दे.

तेव्हा काल मी ठरवलं — हे तुम्हाला सांगायचं नव्हतं खरं म्हणजे — ठरवलं, गप्प बसायचं. एकदा गिऱ्हाईकच परत येऊ दे भिजलेलं, चार लोकांदेखत सांगू दे. मग बघू खडे कुणाच्या तळव्याला निघतात. फार काय, गुडघाभर पाण्यात तुम्ही ओले झाला असतात, चार शिव्या घातल्या असत्या आणि — काय म्हणालात?

बायको? म्हणजे — तीही येणार आहे? कुठे थांबलीय? आणि मूल केवढं?

दोन महिन्यांचं.

पाळणाफळीत बांधलेलं असेल, हातपायांसकट फळीला. हो, तसंच नेतात, मला माहीत आहे, मला काय विचारताय. आणि जाणार गातिनो नदीच्या खळाळातून, खाली तिच्या आईकडे. मोठ्या खळाळाशी उतराल, काठानं चालाल, पण लहानांसाठी कोण उतरतं... नाही, तुमचं चुकलं नाही, सगळेच तसं करतात. तिथलं पाणी तर इथल्याहून गार.

हात द्या इकडे. इथे, शेंड्यापाशी, अंगठा फिरवा. लागतंय नखाला? केसाएवढी भेग आहे. आणि ही, फासळीखाली. सकाळी नव्हती ही. मी सकाळी मोजून — म्हणजे सहज बघितलं होतं. हसू नका. आता ऐका, आत्याबाईंना वास येत नाही हल्ली. परवा चुलीवर मासा करपला, शेजारी बसून त्यांना कळलं नाही. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, कुणी बोलत नाही. त्यांनाही ठाऊक आहे, नाहीतर तंबूमागे कशाला गेल्या असत्या? चाळीस वर्षं राळ लावली त्या बाईनं, एक नाव बुडली नाही. आणि ते मी सांगायचं? कालच्या आलेल्या पोरीनं?

आले बघा. दोन्ही नावा एकदमच वळल्या टेकाडाला. आत्याबाई पुढे बसल्यात, दिसतायत? हात हलवतायत तुम्हाला — गिऱ्हाईक खूश आहे ना बघायला. तुम्ही उठू नका. ते बोचकं आधी खाली ठेवा, नावेत नाही, जमिनीवर. आणि मध्ये बोलू नका, पाझीलभाऊ, मला एकदाच जमेल.

आत्याबाई! अहो आत्याबाई, ही नाव आज जाणार नाही. राळेत चरबी कमी पडली, सांधे तडकलेत. मी काल बघितलं होतं आणि गप्प बसले. यांचं दोन महिन्यांचं लेकरू बसणार आहे हिच्यात — मी चूल पेटवते, तुम्ही चरबी काढा.